टक की ढुक: गाडीच्या पुढून येणाऱ्या आवाजामागे गेलेले पाच आठवडे

मला गाडीतलं काही कळत नाही. मी मराठी शिकवते. बेळगावातल्या टिळकवाडीतून खानापूर, तिथून जांबोटी रस्त्याला लागून आत एका खेड्यातली शाळा, असा जाऊन-येऊन सत्तर किलोमीटरचा माझा रोजचा प्रवास आहे. गाडी २०१५ ची, पेट्रोलवरची छोटी हॅचबॅक. या पावसाळ्यात तिच्या पुढच्या चाकाकडून आवाज यायला लागला, आणि तो नेमका कसला हे कळायला मला पाच आठवडे लागले. शाळेतल्या दोघींनी "आमच्या गाडीलाही असंच होतंय, तुम्ही काय केलंत?" असं विचारलं, म्हणून तारखांसकट लिहून ठेवते.

सोमवार, १० जून २०२४. मिरगाचा पाऊस नुकताच लागला होता. हायवेवर सगळं ठीक होतं. गणेबैलचा टोल गेला, खानापूर गेलं, आणि आतल्या उखणलेल्या रस्त्याला लागल्यावर डाव्या बाजूने टक, टक, टक. मी खिडकी खाली केली तर पाऊस आत. वर केली तर वायपरच्या आवाजात सगळं बुडालं. वाटेत मच्छे गावाला गाडीत बसणाऱ्या सहकारी बाई म्हणाल्या, "डब्याचा चमचा असेल." डबा मांडीवर घेतला. आवाज होताच.

पहिला आठवडा मी घरगुती शोधात घालवला, आणि तो वाया गेला असं मला वाटत नाही. डिकी पूर्ण रिकामी केली. जॅक आणि पाना फडक्यात गुंडाळले, स्टेपनीचा बोल्ट आवळला. बॉनेट उघडून बॅटरी हलवून पाहिली, तिची पट्टी सैल निघाली. पुढची नंबरप्लेट, चाकामागचं प्लास्टिक आणि गाडीखालचं चिखल अडवणारं पत्र्यासारखं कव्हर, सगळ्यावर बुक्की मारून पाहिलं. याला एक रुपया लागत नाही, आणि मेकॅनिककडे गेल्यावर "मॅडम, डिकीत काय ठेवलंय?" या प्रश्नाचं उत्तर तयार असतं. एक मात्र सांगते: गाडी नुसत्या जॅकवर उचलून खाली डोकं घालू नका. जॅक सरकतो.

नवऱ्याला शेजारी बसवून दुसऱ्या रेल्वे गेटावरून दोनदा फिरवलं. रूळ ओलांडताना मला स्पष्ट ऐकू आलं. तो म्हणाला, "मला तर काहीच ऐकू येईना."

शनिवार, १५ जून. घराजवळचं गॅरेज. मुलाने दहा मिनिटांत निदान केलं: लिंक रॉड. पुढच्या सस्पेन्शनला आडवा स्टॅबिलायझर बार असतो. वळणावर गाडी एका अंगाला झुकू नये म्हणून तो दोन्ही चाकांना जोडलेला असतो, आणि ती जोडणी म्हणजे ही वीतभर लांबीची दांडी. तिच्या टोकांचे गोळे झिजले की बारीक खड्ड्यांवर खडखडतात. आपल्याकडच्या रस्त्यांवर आवाजाचं पहिलं कारण बहुतेक वेळा हेच असतं, त्यामुळे त्याचा अंदाज काही उगाच नव्हता. दोन्ही बाजूंचे बदलले, मजुरीसकट १,६५० रुपये. मी जुने मागून घेतले. जुना पार्ट नेहमी मागून घ्यावा. तो नुसता बदलला नाही तर खरंच खराब होता, हे त्याशिवाय कळत नाही.

दोन दिवस वाटलं, कमी झालाय. बुधवारी परत टक. शिवाय आता मागून एक नवीन खुळखुळ. म्हटलं, आता मागचंही गेलं. तो आवाज निघाला डिकीत टाकलेल्या त्या जुन्या लिंक रॉडांचा!

शनिवार, २२ जून. कंपनीचं सर्व्हिस सेंटर. नाव लिहीत नाही. माणसं वाईट नव्हती, पद्धत तशी होती. सकाळी साडेनऊचा नंबर, सव्वादहाला जॉब कार्ड. त्यावर तक्रारीच्या रकान्यात सल्लागाराने एवढंच टाइप केलं: "पुढून आवाज." मी म्हटलं, वीसच्या आसपास वेग, उखणलेला रस्ता, डावी बाजू, हेही लिहा. तो म्हणाला, एवढं बसत नाही त्यात. मग आम्ही टेस्ट ड्राइव्हला निघालो, तेही गुळगुळीत हायवेवर, साठच्या वेगाने. आवाज कुठला यायला? माझ्या आवाजाला आतला रस्ता लागतो आणि ढकलगाडीचा वेग. "आपण एखाद्या खराब रस्त्याने जाऊया का?" असं विचारल्यावर त्याने घड्याळ पाहिलं.

दुपारी दोनला फोन आला. दोन्ही लोअर आर्म, दोन्ही शॉकॲब्सॉर्बर, अंदाजे १४,८०० रुपये, मंजुरीसाठी आलेला ओटीपी सांगा. मी विचारलं, नक्की कोणता पार्ट खराब आहे? उत्तर आलं, "मॅडम, ऐंशी हजार किलोमीटर झालेत, सगळंच बदलून घेतलेलं बरं." ओटीपी दिला नाही. तपासणीचे ५०० आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी असे ५९० रुपये भरले, "ग्राहकाने काम नाकारले" अशा ओळीखाली सही केली आणि गाडी घेऊन आले. त्यांचा अंदाजपत्रकाचा कागद मात्र जपून ठेवला. त्यात पार्टची किंमत, मजुरी आणि कर वेगवेगळे लिहिलेले असतात (तेव्हा गाडीच्या पार्टवर अठ्ठावीस टक्के होता), त्यामुळे पुढे बाहेरच्या दुकानात भाव करताना आधार झाला. सोमवारी त्यांचा फोन आला, दहापैकी किती गुण द्याल म्हणून.

२९ जूनला कोणीतरी सांगितलं म्हणून व्हील अलाइनमेंट केली. ४५० रुपये. काही फरक नाही.

या टप्प्यावर मी खरंच वैतागले होते. भीती पैशांची नव्हती. पावसात, एकटीने, नदीवरच्या पुलावर चाक निखळलं तर, हे डोक्यात बसलं होतं. वळण आलं की हात घट्ट व्हायचे. घरी बोलले तर "तू फार विचार करतेस" हे उत्तर ठरलेलं. मग मी शाळेतली एक जुनी वही गाडीत ठेवली आणि रोज पोचल्यावर दोन ओळी लिहायला लागले: वेग किती, रस्ता कसा, सरळ की वळण, ब्रेक दाबलेला की नाही, गाडी गार की तापलेली, बरोबर कोणी होतं का. आठवडाभरात वही पाठ्यपुस्तकापेक्षा उपयोगी झाली. निदान मला तरी तसं वाटत होतं.

रविवार, ७ जुलै. पिरनवाडीच्या पुढे खानापूर रस्त्याला एक पत्र्याची शेड आहे. तिथले मेस्त्री आमच्या शिपाईमामांच्या ओळखीचे. वय साठीच्या पुढे, पूर्वी उद्यमबागेत कारखान्यात होते. त्यांच्या शेडमध्ये लिफ्ट नाही, जमिनीत खणलेला पिट आहे. हाताखाली एक कन्नड बोलणारा मुलगा. मेस्त्री माझ्याशी मराठी, त्या मुलाशी कन्नड आणि पाना हातातून सटकला की हिंदी बोलतात.

मी वही उघडून वाचायला लागले. त्यांनी हात वर केला.

"बाई, थांबा. तुम्ही एकदा टक म्हणूलालाय, एकदा ढुक म्हणूलालाय. एक काय ते ठरवा की ओ."

मी वहीत पाहिलं. खरंच. १ जुलै: "टकटक, आतला रस्ता." २ जुलै: "ढुक, शाळेच्या फाटकातून वळताना." ३ जुलै: "टकटक." ४ जुलै: "ढुक, एकदाच, गतिरोधकावर डावं चाक आधी चढलं तेव्हा." मी दरवर्षी आठवीला अभ्यस्त शब्द शिकवते. पूर्णाभ्यस्त, अंशाभ्यस्त, अनुकरणवाचक. कटकट, खडखड, गडगड यांतला फरक फळ्यावर लिहून देते. आणि चार आठवडे मी प्रत्येक गॅरेजमध्ये जाऊन "आवाज येतोय" एवढंच सांगत होते!

"दोन आवाज आहेत का?" मी विचारलं.

"बघूया की."

आधी त्यांनी चारही चाकांचे नट पान्याने तपासले. पुढच्या डाव्या चाकाचा एक नट अर्धा वेढा फिरला. अलाइनमेंटवाल्यांनी चाकाला हात लावला होता की नाही, मला आठवेना. मेस्त्री काही बोलले नाहीत. पण तुम्ही हे पहिल्या दिवशी करा. पाना डिकीत असतोच.

मग पुढची दोन्ही चाकं उचलून खाली घोड्या, म्हणजे आधाराचे स्टँड, लावल्या. चाक डाव्या-उजव्या बाजूंनी धरून हलवलं: तिथे खेळ असेल तर स्टिअरिंगचा टाय रॉड. वर-खाली धरून हलवलं: तिथे असेल तर बॉल जॉइंट (चाकाला सस्पेन्शनशी जोडणारा सांधा) किंवा बेअरिंग. दोन्ही घट्ट. बॉल जॉइंट घट्ट निघाला तेव्हा माझा जीव भांड्यात पडला, कारण चाक निखळण्याची माझी जी भीती होती ती त्याचीच. तो सैल असता तर मेस्त्रींनी गाडी बाहेरच जाऊ दिली नसती. एक्सलवरचे रबरी बूट फाटलेले नव्हते, ग्रीस उडालेलं नव्हतं. तिथला दोष असता तर स्टिअरिंग पूर्ण वळवून गाडी पळवताना सलग कटकटकट आलं असतं. तो आवाज माझ्या वहीत कुठेच नव्हता. नवे लिंक रॉड त्यांनी गाडी पिटवर, चाकं जमिनीवर असताना तपासले. एकच चाक जॅकवर उचललं की बार पिळला जातो, रॉड ताणून बसतो आणि सैलही असला तरी घट्ट वाटतो. हे मला त्या दिवशी कळलं.

आता टकची पाळी. मेस्त्री शेजारी बसले, मुलगा मागे, आणि आम्ही एका कच्च्या रस्त्याला लागलो. पंधरा-वीसचा वेग. टक टक टक.

"आता ब्रेकवर पाय नुसता टेकवा. दाबू नका, गाडी थांबायला नको."

पाय टेकवला. आवाज बंद. उचलला, टक टक. परत टेकवला, बंद. मागचा मुलगा खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला, "इल्लिंदन बरतैत्रि!" इथूनच येतोय.

ब्रेक किंचित लागला की ब्रेकचे पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला चिकटतात आणि हलायचे थांबतात. आवाज त्याच वेळी थांबत असेल तर सस्पेन्शन सोडा, ब्रेककडे बघा. चाक काढल्यावर दिसलं: एप्रिलमध्ये पॅड बदलले होते तेव्हा डाव्या बाजूची पॅड घट्ट धरणारी बारीक स्प्रिंगपट्टी बसवलीच नव्हती. भरीला कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) ज्या पिनांवर सरकतो त्यातल्या एकीचं रबर फाटलेलं, आत आमच्या खानापूरची तांबडी माती, आणि ग्रीस वाहून गेलेलं. उन्हाळ्यात हे कसंबसं चाललं. पाऊस पडला, चिखल आत गेला, आणि टक सुरू झालं. पॅड बदलले ते गॅरेज वेगळंच, त्याचंही नाव लिहीत नाही. पण पॅड बदलताना पट्ट्या नव्या घातल्या की जुन्याच स्वच्छ करून लावल्या, एवढं विचारायला हरकत नाही.

ढुक मात्र जागेवरच सापडला. गाडी उभी, चाकं जमिनीवर, बॉनेट उघडं. मुलगा स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत होता. मेस्त्रींनी मला चाकाच्या वरच्या पोकळीतून स्प्रिंगवर बोटं टेकवायला लावली.

"बोटं वेढ्यांच्या मधी घालू नका. नुसती वरनं टेकवा."

उजव्या बाजूची स्प्रिंग स्टिअरिंगबरोबर गुळगुळीत फिरत होती. डावी फिरेना, फिरेना, आणि एकदम उसळून फिरली. ढुक. तो धक्का मला बोटांत जाणवला. कानांनी महिनाभर शोधलेली गोष्ट हाताला एका क्षणात कळली, तेव्हा मला खरं तर हसू आलं.

स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर मिळून जो खांब होतो, तो वर ज्या रबरी बैठकीवर टेकतो तिला माउंट म्हणतात. त्याच्याखाली बेअरिंग असतं, म्हणजे चाक वळताना अख्खा खांब फिरू शकतो. माझ्या गाडीत डाव्या माउंटचं रबर फाटलं होतं आणि बेअरिंग अडकत होतं. सहकारी बाई डावीकडे बसल्या की ढुक मोठा यायचा, ही माझ्या वहीतली नोंद त्यांना फार आवडली. सर्व्हिस सेंटरमध्ये हे का दिसलं नाही, तर गाडी लिफ्टवर होती. चाकं लोंबकळत असतात तेव्हा माउंटवर वजनच नसतं. मेस्त्रींनी कोणाला नावं ठेवली नाहीत. "वर टांगलेली गाडी खोटं बोलते," एवढं म्हणून ते हात धुवायला गेले.

ब्रेकचं काम त्याच दिवशी झालं. स्प्रिंगपट्ट्यांचा संच २८०, पिनांची रबरं आणि उष्णता सोसणारं खास ग्रीस मिळून ३४०. साधं ग्रीस तिथे लावत नाहीत, ते रबर खातं.

माउंट मात्र बेळगावात मिळेना. ऑटोनगरमधल्या तीन दुकानांत विचारलं. एकाकडे होता, पण दुसऱ्या मॉडेलचा. "बसवून टाकू, चालतंय," असं तो म्हणाला, मी नको म्हटलं. शेवटी एकाने हुबळीहून मागवून देतो म्हणून ५०० रुपये आगाऊ घेतले. जाताना गाडीच्या आरसीची झेरॉक्स न्या. चासिस नंबर बघितल्यावर पार्टचा नेमका नंबर निघतो, आणि "२०१५ चं मॉडेल" एवढ्यावर चुकीचा डबा हातात पडत नाही. बोटभर फरक असलेले तीन प्रकार मला काउंटरवर दाखवले गेले.

पार्ट यायला चार दिवस लागले. सोमवारी मेस्त्री म्हणाले, गाडी चालेल, पण सावकाश. मी नाही चालवली. बसने गेले. कर्नाटकात बायकांना फुकट बसप्रवास देणाऱ्या शक्ती योजनेचं शून्य रुपयांचं तिकीट, आधार कार्ड बरोबर. फुकट खरं, पण सातच्या बसला खानापूरपर्यंत उभं राहून गेले आणि पुढच्या खेड्याची गाडी चुकली की शाळेची प्रार्थनाही चुकते. दोन दिवस प्रार्थना चुकली.

रविवार, १४ जुलै. सकाळी नऊ ते दुपारी दीड. दोन्ही बाजूंचे माउंट आणि बेअरिंग बदलले. उजवं बरं होतं, पण तेवढंच जुनं. दोन्ही एकदम बदलावेत हे मेस्त्रींचं मत, आणि मला ते पटलं. माउंट २,३००, बेअरिंग ६४०, मजुरी १,२००. हे काम घरी करायचं मनातही आणू नका. स्प्रिंग दाबून धरणारं वेगळं हत्यार लागतं, आणि ती सुटली तर माणूस जायबंदी होतो. मेस्त्रींनी स्प्रिंग दाबताना मला आणि त्या मुलाला शेडबाहेर उभं केलं होतं. खांब काढून परत बसवला की चाकाचा कोन थोडा हलतो, म्हणून दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट परत, ४५० रुपये. म्हणजे २९ जूनची अलाइनमेंट चूक नव्हती, वेळ चुकली होती.

सगळं मिळून ७,९०० रुपये झाले. त्यातले ५,२१० खऱ्या कामाचे. लिंक रॉडचे १,६५० वाया गेले असं मी धरून चालले होते, पण मेस्त्रींनी डिकीतले जुने रॉड हातात घेऊन फिरवून पाहिले आणि डावा माझ्या पुढ्यात टाकला. गोळा असा लोळत होता की उचलल्याबरोबर खुळखुळला. म्हणजे त्या गॅरेजवाल्या मुलाला एक खरा दोष सापडला होता, तो फक्त तिसरा होता. पुढच्या वेळी त्याच्याकडे गेले तर हे त्याला सांगणार आहे.

मेस्त्रींनी पाचशे किलोमीटरनंतर नट आवळायला परत बोलावलं होतं. २८ जुलैला गेले. मुलाने नट तपासले, "गट्टि ऐतिरी," म्हणजे घट्ट आहे, असं म्हणाला, पैसे घेतले नाहीत. दोन्ही रविवारचा हिशोब मागितला तेव्हा मेस्त्रींनी कॅलेंडरचं फाडलेलं पान उलटं करून लिहून दिला. आकडे कन्नडमध्ये, शब्द मराठीत. पहिली ओळ: टक, ६२०. दुसरी ओळ: ढुक, ४,१४०. खाली सही.